युद्धकाळात राजकीय भाषणांवर सेन्सॉरची कात्री : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लढाई पेटली की जहाजांच्या वेळा आणि तोफांच्या जागा छापायच्या नाहीत, हे कुणालाही पटतं. त्यावरून कधी फारसं भांडण झालेलं नाही. भांडण होतं ते एखाद्या पुढाऱ्याचं भाषण छापायचं की नाही यावरून. म्हणून इथे लष्करी गुपितांबद्दल थोडकंच आहे, भाषणांबद्दल सविस्तर.

भाषण छापू नका, असं सरकार कोणत्या आधारावर सांगतं?

कारणं साधारण तीनच असतात. शत्रूला माहिती मिळेल, सैन्यभरतीवर परिणाम होईल, लोकांचं मनोधैर्य खचेल. पहिलं कारण तपासता येतं. भाषणात पलटणीचा ठावठिकाणा आहे की नाही, हे वाचणाऱ्या कुणालाही सांगता येईल. दुसरं निम्मं तपासता येतं. तिसऱ्याला मात्र मापच नाही. सरकारवरची कुठलीही टीका कुणाचं तरी मनोधैर्य खचवतेच, निदान मंत्र्याचं तरी.

ब्रिटनने पहिल्या महायुद्धात उतरल्यावर चारच दिवसांत, ८ ऑगस्ट १९१४ रोजी, देशसंरक्षण कायदा केला. चर्चा जवळपास झालीच नाही. सुरुवातीचा रोख हेर, बंदरं आणि रेल्वे यांच्यावर होता. पुढे त्याच कायद्याखालच्या नियमांत असंतोष पसरवणं आणि भरतीला बाधा आणणं हेही आलं. भारत सरकारने ऑक्टोबर १९४० मध्ये काढलेला हुकूम तर युद्धाला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष विरोध चेतवणारा सगळाच मजकूर बंद करणारा होता. अशा जाळ्यातून कोणतं राजकीय भाषण सुटणार?

सभेत बोलायला मुभा असते, मग तेच छापायला बंदी का?

सभागृहात दोन-तीन हजार माणसं बसतात आणि घरी जाऊन प्रत्येक जण वेगळंच सांगतो. छापलेलं भाषण लाखभर लोक वाचतात, जपून ठेवतात, पुढच्या वर्षी काढून दाखवतात. सरकारला धास्ती असते ती या कागदाची.

ग्लासगोचा प्रसंग बघा. २५ डिसेंबर १९१५ रोजी दारूगोळा मंत्री लॉइड जॉर्ज तिथल्या सेंट अँड्र्यूज हॉलमध्ये कामगारांपुढे बोलायला उभे राहिले. कुशल कारागिरांच्या कामावर अकुशल माणसं आणि स्त्रिया घ्यायच्या, हे गळी उतरवायला ते आले होते. कामगारांनी त्यांना धड बोलू दिलं नाही. आरडाओरडा, टोमणे, मध्येच क्रांतीची गाणी. वृत्तपत्रांना मात्र सरकारी मंजुरीचा, नीटनेटका केलेला वृत्तांत देण्यात आला. 'फॉरवर्ड' या स्थानिक समाजवादी साप्ताहिकाने १ जानेवारी १९१६ च्या अंकात जे घडलं ते जसंच्या तसं छापलं, श्रोत्यांच्या आरोळ्यांसकट. लगेच छापा पडला, अंक जप्त झाले आणि साप्ताहिक जवळपास महिनाभर बंद राहिलं.

यात गुपित काहीच नव्हतं. भाषण खुद्द मंत्र्याचं, सभा जाहीर, ऐकणारे हजारो. लपवायचं होतं ते एवढंच, की लोकांनी मंत्र्याचं ऐकून घेतलं नाही. त्या साप्ताहिकाचे संपादक टॉम जॉन्स्टन पुढे दुसऱ्या महायुद्धात चर्चिल यांच्या सरकारात स्कॉटलंडचे मंत्री झाले.

संसदेत किंवा विधिमंडळात केलेलं भाषण तरी सुरक्षित असतं ना?

बोलणाऱ्याला बहुधा संरक्षण असतं. छापणाऱ्याला ते असेलच असं नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

याचं सगळ्यात झणझणीत उदाहरण ऑस्ट्रेलियातलं. १९१७ साली पंतप्रधान ह्यूज यांना सक्तीच्या लष्करभरतीसाठी जनमत कौल जिंकायचा होता. क्वीन्सलंड राज्याचे मुख्यमंत्री टी. जे. रायन विरोधात होते. सैन्याला खरोखर किती नवी माणसं लागतात, याचे ह्यूज यांचे आकडे चुकीचे आहेत असं रायन जाहीर सभेत म्हणाले. सेन्सॉरने वृत्तपत्रांतून नेमका तोच भाग उडवला. रायन यांनी मग तो मजकूर २२ नोव्हेंबरला विधानसभेत बोलून दाखवला, म्हणजे तो सभागृहाच्या अधिकृत कामकाजाच्या अहवालात आला. वर सेन्सॉरने कापलेली वाक्यं ठळक ठशात छापून घेतली! २६ नोव्हेंबरच्या रात्री ब्रिस्बेनच्या सरकारी छापखान्यावर लष्कराच्या माणसांनी छापा घातला आणि त्या ३७ क्रमांकाच्या अहवालाच्या प्रती उचलून नेल्या. केंद्राने राज्याच्या विधानसभेचा अहवाल जप्त केला. रायन यांच्यावर खटलाही भरला, पण तो टिकला नाही. तीनच दिवसांनी वॉर्विक स्टेशनवर ह्यूज यांच्यावर कुणीतरी अंडं फेकलं आणि २० डिसेंबरला जनतेने सक्तीची भरती दुसऱ्यांदा नाकारली.

जर्मनीत वेगळीच तऱ्हा. समाजवादी खासदार कार्ल लीबक्नेख्त यांनी २ डिसेंबर १९१४ रोजी युद्धकर्जाच्या विरोधात मत दिलं, तसं करणारे ते सभागृहात एकटेच. मतामागची कारणं त्यांनी लिहून दिली, तर अध्यक्षांनी ती इतिवृत्तात घ्यायलाच नकार दिला. इतिवृत्तात नाही म्हटल्यावर छापायचं काय? ते निवेदन शेवटी बेकायदा पत्रक म्हणून हातोहात फिरलं.

भारतात हे कधी आणि कसं झालं?

पहिल्या महायुद्धापासून सुरुवात करू. १ मे १९१६ ला बेळगावात आणि ३१ मे व १ जूनला अहमदनगरात टिळकांनी स्वराज्यावर मराठीत भाषणं केली. पोलिसांनी ती टिपून घेतली, त्यांचं इंग्रजी झालं आणि २३ जुलैला, म्हणजे टिळकांची साठी साजरी होत असतानाच, नोटीस हातात पडली. वर्षभर चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून २०,००० रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी १०,००० चे दोन जामीन, असा हुकूम मॅजिस्ट्रेटने दिला. बॅरिस्टर जिना टिळकांच्या बाजूने उभे राहिले आणि ९ नोव्हेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने हुकूम रद्द केला. मधली चार वाक्यं उचलून चालणार नाही, भाषण अख्खं वाचलं पाहिजे, ही न्यायालयाची भूमिका पुढच्या वक्त्यांना फार उपयोगी पडली. त्याच वर्षी अॅनी बेझंट यांच्या 'न्यू इंडिया'कडून २,००० रुपयांचा जामीन घेतला गेला, ऑगस्टमध्ये तो जप्त झाला आणि नवा १०,००० चा मागण्यात आला. वक्त्याला वर्तणुकीचा जामीन, पत्राला छापखान्याचा. दोन्हीकडून गळ्याला तात.

दुसऱ्या महायुद्धात पद्धत बदलली. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी पवनारला युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. त्या सत्याग्रहात भाषण हीच कृती होती. सरकारने लगेच 'हरिजन'ला कळवलं की याबद्दलचा मजकूर आधी दिल्लीत प्रेस सल्लागाराला दाखवल्याशिवाय छापू नये. गांधीजींनी दाखवत बसण्यापेक्षा 'हरिजन' आणि त्याची भावंडं असलेली दोन्ही साप्ताहिकं बंदच ठेवली. विनोबा चारच दिवसांत तुरुंगात गेले.

८ ऑगस्ट १९४२ चा हुकूम सगळ्यात कडक. आंदोलनाची बातमी सरकारी सूत्रांकडून, ठरावीक वृत्तसंस्थांकडून किंवा नोंदणी झालेल्या वार्ताहराकडूनच आलेली हवी. म्हणजे गावातल्या सभेत कोण काय बोललं हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला छापता येईना, आणि ज्याला छापता येत होतं तो तिथे नव्हता. अनेक पत्रांनी अंक काढणंच थांबवलं.

स्वातंत्र्यानंतरचं १९६२ हे साल वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवावं. चीनशी लढाई चालू असताना ८ नोव्हेंबरला संसद भरली. गुप्त बैठक घ्यावी, असं अपक्ष खासदार लक्ष्मीमल सिंघवी यांनी सुचवलं. नेहरूंनी ते मानलं नाही. संरक्षण खातं आधीच गेलेल्या कृष्ण मेनन यांना आदल्याच दिवशी मंत्रिमंडळाबाहेर पडावं लागलं होतं, सैन्य माघार घेत होतं, आणि तरीही खासदार सरकारला जे बोलले ते देशाने वर्तमानपत्रांत वाचलं. आणीबाणी लागू होती आणि भारत संरक्षण अध्यादेशाचे अधिकार हाताशी होते, हे ध्यानात घेतलं तर या निर्णयाचं वजन कळतं.

सेन्सॉर रोजच्या रोज चालतो कसा?

चित्रपटांत दाखवतात तसा लाल पेन्सिलवाला अधिकारी असतो खरा, पण तो या यंत्रणेचा लहानसा भाग. पूर्व-सेन्सॉर म्हणजे पानाचं प्रूफ आधी अधिकाऱ्याकडे जायचं, तो खुणा करणार, मग छपाई. यात कापण्याइतकाच मार उशिराचा बसतो. रात्री संपलेल्या सभेचं भाषण सकाळच्या अंकात आलं नाही, तर त्याची बातमी शिळी झाली. अधिकाऱ्याने नकार द्यायचीही गरज नाही, प्रूफ टेबलावर पडू दिलं की भागलं.

दुसरा रस्ता पैशाचा : जामीन, दंड, छापखाना जप्त. तिसरा पुरवठ्याचा. युद्धात कागदाला कोटा लागतो, आणि कोटा कोण ठरवतं हे संपादकाला पक्कं ठाऊक असतं. चौथा टपालाचा. अमेरिकेने १९१७ मध्ये 'मिलवॉकी लीडर' या समाजवादी दैनिकाची टपालाची सवलत काढून घेतली. पत्रावर बंदी नाही, फक्त ते वर्गणीदारापर्यंत पोचणार नाही.

आणि पाचवा, सगळ्यात स्वस्त : फोन. लेखी हुकूम नाही, सही नाही, उद्या कोर्टात दाखवायला कागद नाही. 'जरा सांभाळून घ्या' एवढंच.

मग संपादक ऐकतात तरी का?

काही भीतीने, काही पटतं म्हणून. देश लढत असताना आपल्यामुळे कुणाचा जीव जाऊ नये, असं वाटणाऱ्या संपादकाला हसण्याचं कारण नाही. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात सेन्सॉर कार्यालयाचे प्रमुख बायरन प्राइस स्वतः पत्रकार होते. त्यांनी देशातल्या वृत्तपत्रांसाठी ऐच्छिक संहिता ठेवली, तिचा भर लष्करी माहितीवर होता, आणि बहुतेक पत्रांनी ती पाळली.

भारतात ऑक्टोबर १९४० च्या हुकुमानंतर १० नोव्हेंबरला दिल्लीत संपादक जमले आणि 'द हिंदू'चे कस्तुरी श्रीनिवासन यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय वृत्तपत्र संपादक परिषद उभी राहिली. सरकारने हुकूम मागे घेतला, बदल्यात संपादकांनी स्वतःच संयम पाळायचं मान्य केलं आणि प्रांतोप्रांती सल्लागार समित्या नेमल्या गेल्या. हा सौदा चांगला की वाईट, यावर तेव्हाही दोन तट होते. माझ्या मते यातून वेळ मिळाला, पण कात्री सरकारच्या हातातून संपादकाच्या हातात आली. सरकारने कापलं तर दाद मागता येते. आपणच न छापलेल्या भाषणाची दाद कुणाकडे मागायची?

जुन्या अंकांत मध्येच कोरी जागा दिसते, ती काय?

कापलेल्या मजकुराची जागा. काही देशांत ती ठेवू देत, काहींत नाही, कारण कोरा चौकोन बघून वाचक बरोबर ओळखतो. एप्रिल १९४४ मध्ये सिडनीत यावरूनच भडका उडाला. माहितीमंत्री कॉलवेल यांनी सेन्सॉरशिपबद्दल वृत्तपत्रांवर टीका केली आणि वृत्तपत्रांचं उत्तर मात्र सेन्सॉरने अडवलं. १६ एप्रिलच्या 'संडे टेलिग्राफ'ने उत्तराची जागा कोरी सोडली, तर पोलिसांनी अंकच जप्त केला. दुसऱ्या दिवशी इतर पत्रांवरही तीच वेळ आली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि सरकारला माघार घ्यावी लागली. नव्या संहितेत स्पष्ट झालं की सेन्सॉर फक्त संरक्षणाच्या कारणासाठी वापरायचा. याच देशाला १९१७ मध्ये हे सुचलं असतं तर ब्रिस्बेनचा तमाशा टळला असता.

सेन्सॉर नसतानाही भाषणं बदलून छापली गेली आहेत का?

गेली आहेत, आणि तो मार कधीकधी जास्त लागतो. २० सप्टेंबर १९१७ रोजी अमेरिकेचे सिनेटर रॉबर्ट ला फॉलेट सेंट पॉल इथे बोलले. जर्मनीविरुद्ध आपल्या तक्रारी आहेत, पण युद्धाइतक्या मोठ्या नाहीत, असा त्यांचा आशय होता. असोसिएटेड प्रेसच्या बातमीत आलं की आपली जर्मनीविरुद्ध तक्रारच नाही. बातमी देशभर छापून आली, सिनेटमधून हकालपट्टीची चौकशी मागे लागली. वृत्तसंस्थेने चूक कबूल केली ती मे १९१८ मध्ये. तोवर माणूस देशद्रोही ठरून झाला होता.

सेन्सॉरचा त्रास सोसलेले नेते सत्तेवर आल्यावर तो काढून टाकतात ना?

तशी आशा करू नये. फ्रान्सचे राजकारणी क्लेमांसो यांचं वृत्तपत्र होतं 'स्वतंत्र माणूस'. जखमी सैनिकांना रेल्वेने कसं हलाखीत नेलं जातं हे छापल्याबद्दल १९१४ मध्ये ते बंद केलं गेलं, तर त्यांनी 'साखळदंडातला माणूस' या नावाने पुन्हा काढलं. नोव्हेंबर १९१७ मध्ये तेच पंतप्रधान झाले. पत्राला जुनं नाव परत मिळालं. सेन्सॉर जागेवरच.

हर्बर्ट मॉरिसन पहिल्या महायुद्धाचे कट्टर विरोधक होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचे गृहमंत्री म्हणून जानेवारी १९४१ मध्ये त्यांनीच कम्युनिस्टांचं 'डेली वर्कर' बंद पाडलं आणि मार्च १९४२ मध्ये एका व्यंगचित्रावरून 'डेली मिरर'ला बंदीची तंबी दिली.

दडपलेलं भाषण शेवटी बाहेर येतंच, हे खरं का?

बाहेर आलेलीच आपल्याला माहीत असतात, म्हणून तसं वाटतं. १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. वृत्तपत्रांत न येणाऱ्या बातम्या आणि नेत्यांची भाषणं त्यावरून जात. जागा बदलत बदलत तो नोव्हेंबरपर्यंत टिकला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. अमेरिकेत समाजवादी नेते युजीन डेब्स यांना १६ जून १९१८ च्या कँटन इथल्या एका भाषणाबद्दल दहा वर्षांची शिक्षा झाली, १९२० ची अध्यक्षपदाची निवडणूक त्यांनी तुरुंगातून लढवली आणि ९ लाखांहून जास्त मतं घेतली.

पण अशी मोजकीच. तालुक्याच्या गावी झालेली, कुणी न टिपलेली, कुठेही न छापलेली भाषणं गेली ती गेलीच. उलट पोलिसांच्या टिपणवहीत असलेली काही भाषणं मात्र त्या वहीमुळेच आज वाचता येतात.

न्यायालयात दाद मिळते का?

कधीकधी, आणि बहुधा उशिरा. टिळकांचं वर आलंच आहे. १९७५ च्या आणीबाणीत मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकाचा मजकूर सेन्सॉरने अडवला. मुंबई उच्च न्यायालयाने १९७६ मध्ये मसानींच्या बाजूने निकाल दिला : सगळ्या पत्रांनी सरकारच्याच सुरात बोलावं हे बघणं सेन्सॉरचं काम नाही. आणीबाणी चालू असताना दिलेला हा निकाल आहे.

इंटरनेट असताना आता हे शक्य आहे का?

शक्य आहे, फक्त नेम बदलला. भाषण सगळीकडे पोचतं, मग ते अडवण्याऐवजी बोलणाऱ्याला गाठायचं. रशियाने ४ मार्च २०२२ ला कायदा करून सैन्याबद्दलच्या 'खोट्या' माहितीला १५ वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली. त्याच महिन्यात मॉस्कोतल्या एका प्रभाग परिषदेत मुलांच्या चित्रकला स्पर्धेचा विषय निघाला. युक्रेनमध्ये मुलं मरत असताना इथे स्पर्धा कसल्या घेता, असं सदस्य अलेक्सी गोरिनोव म्हणाले. बैठकीचं चित्रीकरण इंटरनेटवर होतं, तेच पुरावा झालं. सात वर्षं.

आक्रमण झालेल्या युक्रेनमध्येही प्रश्न सुटलेला नाही. तिथे मोठ्या वाहिन्यांचं एकत्रित बातमीप्रसारण सुरू झालं आणि एप्रिल २०२२ मध्ये माजी अध्यक्ष पोरोशेंको यांच्या बाजूच्या मानल्या जाणाऱ्या वाहिन्या डिजिटल प्रक्षेपणातून बाहेर पडल्या. दोन्ही देशांना एका तराजूत घालणं चूक आहे. पण युद्ध न्याय्य असलं म्हणून प्रत्येक बंदी न्याय्य ठरत नाही.

मग कोणता मजकूर कापणं योग्य म्हणायचं?

माझी कसोटी सोपी आहे. शत्रूच्या अधिकाऱ्याने ते भाषण वाचलं तर उद्याच्या लढाईत त्याला काही करता येईल का? जहाज कधी सुटणार हे कळलं तर येईल. मंत्री नालायक आहे हे कळलं तर काय करणार? ते त्याला बहुधा आधीच माहीत असतं.

युद्ध संपलं की सेन्सॉर आपोआप उठतो का?

नाही. फ्रान्समध्ये तोफा नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबल्या, सेन्सॉर ऑक्टोबर १९१९ मध्ये उठला. भारतात ३ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानशी युद्धामुळे आणीबाणी जाहीर झाली आणि भारत संरक्षण कायदा आला. युद्ध दोन आठवड्यांत संपलं. आणीबाणी आणि कायदा राहिले. जून १९७५ मध्ये अंतर्गत आणीबाणी आली तेव्हा वृत्तपत्रांवरचा सेन्सॉर याच कायद्याच्या नियमांखाली लादला गेला. संसदेत विरोधक काय बोलले हे छापता येईना. मंत्र्यांची निवेदनं, बोलणाऱ्यांची नावं, पक्ष आणि मतदानाचा निकाल, एवढंच चालत असे. संसदेचा खरा वृत्तांत छापणाऱ्याला संरक्षण देणारा १९५६ चा कायदा फिरोझ गांधी यांच्या खाजगी विधेयकातून झाला होता. तो रद्द केला गेला, तेव्हा पंतप्रधान त्यांच्या पत्नी होत्या.

१९७७ मध्ये तो कायदा परत आला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तेच संरक्षण अनुच्छेद ३६१-अ म्हणून राज्यघटनेत घातलं आणि त्यात राज्यांची विधिमंडळंही घेतली. वृत्तांत मुळाशी खरा हवा आणि द्वेषबुद्धीने छापलेला नसावा, एवढी अट आहे. गुप्त बैठकीतल्या भाषणांना मात्र हे संरक्षण लागू नाही.